सापाताचे दफ्तर

मेक्सिकोच्या क्रांतीचा नायक एमिलियानो सापाता आपल्याला ठाऊक असतो तो बहुधा चित्रपटामुळे. १९५२ साली मार्लन ब्रँडोने त्याची भूमिका केली आणि मोठी टोपी, छातीवर काडतुसांचे पट्टे, पल्लेदार मिशा हे त्याचे रूप जगभर पोचले. इंग्रजी उच्चारामुळे आपल्याकडे त्याचा झपाटाही झाला. तो त्याला शोभतो खरा! मला मात्र या माणसाच्या बंदुकीपेक्षा त्याच्या दफ्तराचे कुतूहल अधिक आहे.

सापाताचा जन्म १८७९ सालचा, मोरेलोस प्रांतातल्या अनेनेकुइल्को गावचा. घर खाऊनपिऊन सुखी. थोडी जमीन, थोडी जनावरे, खेचरांवरून मालाची ने-आण आणि घोडे तयार करण्यात त्याचा हातखंडा. पण गावावर संकट होते ते उसाचे. रेल्वे आली, साखरेला बाजार मिळाला आणि मोठमोठ्या हासिएंदा, म्हणजे जमीनदारांच्या इस्टेटी, गावांची शेते आणि पाणी गिळू लागल्या. सप्टेंबर १९०९ मध्ये गावच्या थकल्याभागल्या कारभाऱ्यांनी तीस वर्षांच्या सापाताला प्रमुख निवडले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेले कागद त्याच्या स्वाधीन केले. स्पॅनिश राजवटीपासूनचे हक्कांचे लेख होते ते. काही नाहुआत्ल या मूळ भाषेत असल्यामुळे ते वाचून घ्यायला दुसऱ्या गावी माणूस धाडावा लागला. गावच्या देवळात बसून सापाता आणि त्याचा सहकारी फ्रान्सिस्को फ्रांको यांनी हे सारे दफ्तर अनेक दिवस धुंडाळले.

कागद चोख होते, पण दाद लागेना. पुढच्याच वर्षी शेजारच्या हासिएंदाने नांगरटीच्या हंगामात जमीन अडवली, तेव्हा सापाता ऐंशीएक हत्यारबंद माणसे घेऊन शेतावर गेला आणि पेरणी करवून घेतली. त्याची क्रांती ही अशी बांधावर सुरू झाली. नोव्हेंबर १९११ च्या आयाला जाहीरनाम्यात त्याची मागणी सरळ होती: ज्यांच्यापाशी कागद आहेत त्यांची लुबाडलेली जमीन त्यांना परत द्यावी आणि ज्यांना जमीनच नाही त्यांच्यासाठी हासिएंदांचा एक तृतीयांश भाग भरपाई देऊन घ्यावा. दफ्तर पत्र्याच्या पेटीत घालून लपवले गेले. कागद हरवले तर फासावर लटकवीन, अशी तंबीही त्याने राखणदाराला दिली होती.

१९१५ साली मोरेलोसमध्ये काही महिने सापाताचेच राज्य होते. जमिनी गावांना परत मिळाल्या. सैन्याला पैसा हवा म्हणून त्याने काही साखर कारखाने चालू केले आणि शेतकऱ्यांना ऊस लावा म्हणून सांगितले. त्यांनी लावला मका. मका, घेवडा, मिरच्या, भाजीपाला. ज्या पिकाने गावे खाल्ली, ते पीक कोण लावणार? राजधानीत उपासमार चालू असताना मोरेलोसमध्ये अन्न मुबलक होते. मला या साऱ्या कहाणीत हे काही महिने सर्वांत मोलाचे वाटतात. शेतकऱ्याने आपण काय पिकवायचे ते स्वतः ठरवले, सापाताचेही न ऐकता.

ते टिकले नाही. युद्धाने प्रांत उजाड झाला. १९१० च्या सुमारे १,८०,००० लोकसंख्येतून १९२१ च्या शिरगणतीत १,०३,००० च उरले. १० एप्रिल १९१९ रोजी चिनामेका येथे, फितूर होऊन येण्याचा बहाणा करणाऱ्या एका कर्नलने दगा दिला आणि सलामीला उभ्या असलेल्या शिपायांनीच सापातावर गोळ्या झाडल्या.

तोवर १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमात जमीनवाटप आले होते. दियेगो रिव्हेराने चापिंगोच्या कृषिविद्यालयातील भित्तिचित्रात मक्याच्या शेताखाली पुरलेला सापाता रंगवला. त्याच विद्यालयात आपले वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे शिकवीत होते. शेतकऱ्यांसाठी त्यांनी तिथे मुक्त कृषिशाळाही चालवल्या.

मोठे वाटप केले लाझारो कार्देनास यांनी, १९३४ ते १९४० या काळात: सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर. पण कशी जमीन? एहिदो नावाची. कसायची, खायची, एका वारसाला द्यायची. विकायची नाही, गहाण टाकायची नाही, खंडानेही द्यायची नाही. सलग दोन वर्षे पडीक ठेवली तर हक्क गेला. आपल्या सातबाऱ्यावरील भोगवटादार वर्ग २ ची आठवण व्हावी, पण त्याहून कडक. हासिएंदा पुन्हा आल्या नाहीत, सावकाराच्या घशात जमीन गेली नाही, हा लाभ लहान नव्हे. मात्र तारण नाही म्हणून खासगी बँक दारात उभी करीना. कर्ज, बी, पाणी सारे सरकारकडून, म्हणजे १९२९ पासून २००० पर्यंत सत्तेवर असलेल्या एकाच पक्षाकडून. मतपेटी आणि कर्जाची खिडकी यांत फारसे अंतर उरले नाही.

१९३८ साली मोरेलोसमधील साकातेपेक येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. नाव एमिलियानो सापाता! भोवतालच्या शेतकऱ्यांनी पुन्हा ऊस लावला. व्यवस्थापक सरकारने धाडलेला. त्याच्याशी भांडणारा सापाताचा जुना सैनिक रुबेन हारामियो १९६२ साली सहकुटुंब मारला गेला. दफ्तर सांभाळणारा फ्रांकोही त्याआधी, १९४७ मध्ये, सरकारी गोळ्यांना बळी पडला होता.

१९९२ मध्ये अध्यक्ष सालिनास यांनी २७ वे कलम बदलून वाटप संपवले आणि एहिदोची जमीन नावावर करून घेण्याची, विकण्याची वाट मोकळी केली. याच सालिनास यांनी आपल्या मुलाचे नाव एमिलियानो ठेवलेले! १ जानेवारी १९९४ रोजी चियापासमध्ये उठाव झाला, तोही सापाताच्याच नावाने. जमिनींची विक्री मात्र पुष्कळांना वाटली होती तेवढी झाली नाही. झाले ते निराळेच. शेत पडीक राहिले तर हक्क जाईल, ही धास्ती संपली. अभ्यासकांनी नंतर पाहणी केली, तेव्हा असे दिसले की ज्या घरांच्या हाती जमिनीचा दाखला आला, त्या घरांतून अमेरिकेला जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले. दाखला घरच्या पेटीत ठेवून माणसे उत्तरेच्या वाटेला लागली.