रेचल कार्सन : मिटलेले डोळे उघडताना

सृष्टीच्या रक्षणावर प्रवचन दिले की मिस्सा संपल्यावर कोणीतरी आम्हांला चर्चच्या दारात हमखास गाठते. हवामान बिघडले आहे हे पटते, पण एवढ्या मोठ्या देशांपुढे आणि कंपन्यांपुढे आपले काय चालणार, असा त्यांचा सूर असतो. खरे सांगायचे तर आमचेही मन कधी कधी त्याच सुरात बोलते. म्हणून आज रेचल कार्सन ह्या अमेरिकन बाईंची आठवण. त्या कॅथलिक नव्हत्या. प्रेस्बिटेरियन घरात वाढल्या.

त्यांचा जन्म 1907 साली पेनसिल्वेनियातील स्प्रिंगडेल ह्या लहान गावी झाला. प्राणिशास्त्र शिकल्या, पण 1935 मध्ये वडील गेले आणि पुढे बहीणही वारली. आई आणि दोन भाच्या ह्यांचा भार अंगावर आला. सरकारच्या मत्स्यखात्यात नोकरी करीत त्या रात्री लिहीत. 1951 च्या ‘द सी अराउंड अस’ ह्या पुस्तकाने त्यांना नाव आणि पैसा दिला. आर्क्टिक प्रदेश तापू लागल्याची नोंद त्या पुस्तकात आहे. कारण मात्र त्यांनी भरती-ओहोटीच्या दीर्घ चक्रात शोधले. माणसाचा हात त्यांना तेव्हा दिसला नाही.

ह्याचे आम्हांला आश्चर्य वाटत नाही. समुद्र, ढग, वारा हे देवाचे. तेथवर माणसाचा हात पोचणार नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. अणुबॉम्बनंतर ती डळमळली. तेव्हा आपण काही काळ मनाची दारेच लावून घेतली, दिसत होते ते पाहायचे नाकारले, अशी कबुली त्यांनी 1958 साली एका मैत्रिणीला पत्रातून दिली. ही कबुली आम्हांला त्यांच्या सर्व पुरस्कारांहून मोठी वाटते. हतबलता पुष्कळदा अशीच असते. शक्ती नसते असे नाही, पाहण्याचे धैर्य नसते.

त्याच वर्षी आणखी एका ओळखीच्या बाईंचे पत्र आले. डासांसाठी विमानातून डी.डी.टी. फवारल्यावर त्यांच्या अंगणातील पक्षी तडफडून मेले होते. कार्सनबाईंनी आधी हे काम दुसऱ्या एका लेखकाने करावे म्हणून खटपट केली. (आपणही समितीच्या बैठकीत हेच करतो!) त्यांनी ते बाईंवरच सोपविले. मग चार वर्षे संशोधकांना पत्रे, अहवाल, आकडे. घरात वारलेल्या भाचीचा लहान मुलगा, दत्तक घेतलेला. त्यातच आई गेली. 1960 मध्ये स्तनाचा कर्करोग झाला आणि डॉक्टरांनी खरे सांगितले नाही. रोग पसरल्यावर ते कळले. किरणोपचार घेत त्यांनी लिखाण पुरे केले.

सप्टेंबर 1962 मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले. रसायन कंपन्या तुटून पडल्या. बाई भावनाप्रधान आहे, अविवाहित आहे, असेही बोलले गेले. वास्तविक सर्व कीटकनाशके बंद करा असे त्यांनी म्हटलेच नव्हते. अंदाधुंद वापर थांबवा, एवढीच मागणी होती. मे 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने त्यांच्या इशाऱ्याला दुजोरा दिला. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. केस गळाल्याने डोक्यावर टोप होता. आजार त्यांनी लपवून ठेवला होता. तो कळला तर रसायनांवरील राग त्यातूनच आला, असे विरोधक म्हणाले असते.

14 एप्रिल 1964 रोजी, वयाच्या 56 व्या वर्षी, त्या वारल्या. अमेरिकेत शेतीतील डी.डी.टी.वर बंदी आली ती 1972 मध्ये. ह्या विषाने ज्याच्या अंड्यांची कवचे पातळ होत होती, त्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची घरटी करणारी केवळ 417 जोडपी 1963 साली अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत मोजली गेली होती. 2007 मध्ये त्याचे नाव धोक्यातील प्राण्यांच्या यादीतून काढण्यात आले.