काट्याभोवतीची गर्दी

झरी जामणीच्या शिवारात पायात बाभळीचा काटा मोडला, की दुसऱ्या दिवशी ती जागा ठणकते, लाल होते आणि पुढे पू धरते. हा ठणका म्हणजे शरीराने उभारलेली संरक्षणाची फळी होय, हे जगाला पटवून देण्याचे श्रेय मुख्यतः एल्या मेचनिकॉव्ह या प्राणिशास्त्रज्ञाकडे जाते. त्यांनाही ते उमगले एका काट्यामुळेच.

१८४५ साली खारकॉव्ह प्रांतात जन्मलेल्या मेचनिकॉव्ह यांच्या वाट्याला कीर्तीआधी दुःख आले. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी क्षयाने गेली आणि ते जीवनालाच विटले. १८८२ साली ओडेसा विद्यापीठातील प्राध्यापकपद सोडून ते सिसिलीतील मेसिना येथे गेले. तेथे तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांत त्यांनी गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या सकाळी अळीतील भटक्या पेशी काट्याला वेढून बसलेल्या दिसल्या. माणसाच्या पांढऱ्या पेशीही रोगजंतूंना अशाच वेढून गिळत असल्या पाहिजेत, हा सिद्धांत त्यातून जन्मला.

संरक्षणाची शक्ती रक्तद्रवातच आहे असे मानणाऱ्या जर्मन पंडितांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. मेचनिकॉव्ह १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले आणि अखेरपर्यंत आपल्या मताचे समर्थन करीत राहिले. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना व प्रतिपक्षातील पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले. दोन्ही पक्षांत सत्याचा अंश होता. १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचेच ओडेसातील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचेच नाव धारण करते.

पेशी काट्यापर्यंत पोहोचतात कशा, हे मात्र पुढे उलगडले. पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या अस्तरावरून प्रथम घरंगळते. मग आपल्या अंगावरील प्रथिनांच्या आकड्यांनी ते घट्ट धरते, चपटी होऊन पसरते आणि भिंतीतून पलीकडे शिरते. क्वचित एखादे मूल या आकड्यांवाचून जन्मते. त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी विपुल असतात; परंतु जखमेपाशी त्या पोहोचत नाहीत, पू धरत नाही, संसर्ग मात्र बळावतो. महिना उलटूनही नाळ न पडणे ही अशा आजाराची एक खूण असू शकते. प्रत्येक उशीर म्हणजे हा आजार नव्हे. तथापि शंका फेडणारी रक्ततपासणी आज उपलब्ध आहे. परळच्याच राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेत अशा विकारांवर काम चालते.

तारामाशाच्या अळीला काटा टोचून राष्ट्राचे उत्पन्न किती वाढेल, असा हिशेब त्या वेळी मागितला गेला असता, तर उत्तर शून्य आले असते. मूलभूत संशोधनावरील खर्चाचा परतावा पिढ्यांनंतर आणि अनपेक्षित दारी येतो. परंतु तो आपोआप येत नाही. नवजात बालकाच्या घरी जाणाऱ्या आशा सेविकेला ही खूण ठाऊक असणे आणि झरी जामणीतील रक्ताचा नमुना वेळेत तपासणीपर्यंत पोहोचणे, ही जबाबदारी शास्त्रज्ञाची नव्हे. ती शासनाची आणि समाजाची आहे. ज्ञान परळला असून बालक झरी जामणीत दगावत असेल, तर ते ज्ञान अजून अर्ध्या वाटेवरच आहे, असे म्हणावे लागेल.