तेरचे गोरोबाकाका

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे लहानसे गाव वसले आहे. आज तेथे येणारा भाविक बहुधा संत गोरा कुंभार यांच्या समाधीपुढे माथा टेकण्यासाठी येतो. परंतु हेच गाव इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘तगर’ या नावाने रोमन जगाला ठाऊक होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या बरोबरीने तगरचा उल्लेख आहे. येथील कापड व मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरात आणि तेथून गलबतांनी पश्चिमेकडे जात असे. तेर येथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई नगरात सापडलेल्या मूर्तीशी मोठे साम्य आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी परिश्रमपूर्वक जमविलेल्या अशा पुराणवस्तू गावातील संग्रहालयात पाहावयास मिळतात.

कालांतराने तो व्यापार ओसरला. नदी, माती आणि कुंभाराचे चाक मात्र राहिले. याच गावी, परंपरेनुसार 1267 साली, गोरोबांचा जन्म झाला. माती तुडवावी, चाकावर मडकी घडवावीत, ती आव्यात भाजावीत आणि मुखाने विठ्ठलनाम घ्यावे, असा त्यांचा दिनक्रम होता. ज्ञानेश्वर व नामदेव यांच्या संतमेळ्यात ते वडीलधारे मानले जात. म्हणून सारे त्यांना ‘गोरोबाकाका’ म्हणत.

त्यांच्या जीवनातील सर्वांत दारुण प्रसंग सर्वश्रुत आहे. पत्नी पाण्याला गेली असता नामस्मरणात गढलेल्या गोरोबांच्या पायाखाली, माती तुडवताना, त्यांचे रांगते बाळ आले आणि चिखलातच गतप्राण झाले. ही कथा ऐकताना आपले मन कचरते, आणि ते कचरलेच पाहिजे. त्या मातेचा आक्रोश, घरात पडलेले अंतर आणि पुढे गोरोबांनी स्वतःचे हात तोडून घेणे, यांतले काहीही वारकरी परंपरेने लपविलेले नाही. नामदेवांच्या कीर्तनात त्यांना हात व बाळ परत लाभले, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

दुसरा प्रसंग संतांच्या परीक्षेचा. मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबांनी मडकी पारखण्याचे थापटणे हाती घेतले व जमलेल्या प्रत्येक संताच्या मस्तकावर ठोकून पाहिले. सर्वांनी ते मुकाट्याने सोसले. नामदेव मात्र रागावले. हे मडके अजून कच्चे आहे, असा निर्वाळा गोरोबांनी दिला. नामदेवांची कीर्ती तेव्हाही मोठी होती. तरीही तो बोल मनाला लागून ते विसोबा खेचरांना शरण गेले. पुढे त्यांची वाणी पंजाबपर्यंत पोहोचली आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात तिला स्थान मिळाले.

गोरोबांचा हा अधिकार पांडित्यातून आलेला नव्हता. मडक्याचा पक्केपणा आव्याच्या आगीतून येतो, हे त्यांना हातांनी ठाऊक होते. आणि दुःखाच्या आगीतून ते स्वतःही गेले होते. 1317 साली, चैत्र वद्य त्रयोदशीस, तेर येथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचे मोजकेच अभंग आज उपलब्ध आहेत.

प्रिय वाचकहो, कुंभाराची प्रतिमा आपल्याला परकी नाही. यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी जाऊन देवाचा संदेश ऐकतो, तर संत पौल आपल्याला मातीची भांडी म्हणतो. धर्मग्रामात आपणही कोणाच्या तरी एका शब्दाने, एका टीकेने दुखावतो आणि बैठकीतून उठून जातो. तो ठोका ज्याने दिला त्याचा राग धरण्यापूर्वी, आपल्यातून कोणता आवाज निघाला, हे ऐकण्याचे धैर्य आपल्याला लाभो. नामदेवांचे मोठेपण त्या दिवशी पक्के ठरण्यात नव्हते. कच्चेपण मान्य करून वाटेला लागण्यात होते.