दारोदार नेलेले अर्थशास्त्र

माणसांच्या समुदायाचे वर्तन गणकयंत्रावर उभे करून पाहण्याची एक पद्धत गेल्या काही दशकांत सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांत रूढ झाली आहे. ‘एजंट-बेस्ड मॉडेल’ या नावाने ती ओळखली जाते. सगळा समाज एका समीकरणात बसविण्याऐवजी यंत्रात हजारो, प्रसंगी लक्षावधी कृत्रिम माणसे निर्माण करावयाची. प्रत्येकाला वय, घर, मिळकत आणि निर्णयाचे दोन-चार नियम द्यावयाचे. त्यांना एकमेकांत वावरू द्यावयाचे आणि त्यातून एकूण चित्र कोणते उमटते ते पाहावयाचे, अशी तिची रीत आहे.

ही रीत कशासाठी, हे आमच्या बदलापूरकरांना तरी फारसे समजावून सांगावे लागू नये. अंबरनाथचा वा उल्हासनगरचा नोकरदार सकाळी मुंबईकडे जाणारी गाडी पकडण्याऐवजी बदलापूरकडे येणाऱ्या गाडीत चढतो, आणि तीच गाडी परत फिरताना बसलेल्या जागेवरून मुंबईस जातो. त्याच्यापुरता तो निर्णय शहाणपणाचाच असतो. परंतु असे शेकडो शहाणे एकत्र आले म्हणजे जी गाडी बदलापूरहून सुटते तीच बदलापूरकराला भरलेली मिळते. कोणीही न ठरविलेले हे फलित प्रवासीसंख्येच्या सरासरीत दिसत नाही. एकेका प्रवाशाचा हेतू आणि त्याची दुसऱ्याच्या हेतूशी होणारी टक्कर ध्यानात घ्यावी तेव्हाच ते दिसते. या पद्धतीचे बळ ते हेच.

मात्र त्या कृत्रिम माणसाला नियम कोणी द्यावयाचा? तो कशाच्या आधारे गाडी निवडतो, कोणाकडून कर्ज घेतो, मुलाला कोणत्या शाळेत घालतो, हे यंत्राला आपोआप कळत नसते. या प्रश्नाचा विचार करताना प्रस्तुत लेखकास वारंवार धनंजयराव गाडगीळांचे स्मरण होते. त्यांनी असे एकही प्रतिमान रचले नाही. तथापि माणूस निर्णय कसा घेतो हे त्याच्या दाराशी जाऊन विचारण्याची शिस्त महाराष्ट्रात त्यांच्याइतक्या चिकाटीने दुसऱ्या कोणी रुजविली असेल असे वाटत नाही.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. बालपण व शालेय शिक्षण नागपुरात झाले आणि पुढे ते केंब्रिजला गेले. तेथे लिहिलेला हिंदुस्थानच्या अर्वाचीन औद्योगिक स्थित्यंतरावरील प्रबंध १९२४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. तेव्हा लेखकाचे वय अवघे तेवीस होते. हा ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांनी अभ्यासला. परंतु तो मुख्यतः ग्रंथालयात बसून, सरकारी अहवाल आणि छापील आकडे चाळून सिद्ध झालेला होता. परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात अल्पकाळ नोकरी आणि सुरतेच्या महाविद्यालयात १९२५ ते १९३० अशी पाच वर्षे प्राचार्यपद, हा पुढचा टप्पा थोडक्यात सांगून पुढे जावे हे बरे. कारण त्यांच्या आयुष्याचे खरे काम सुरू झाले ते पुण्यास आल्यावर.

साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजास दिलेल्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे तब्बल छत्तीस वर्षे, त्या पदावर राहिले. विलायतेहून शिकून आलेल्या तरुण विद्वानाने संस्थेच्या प्रारंभी मोठमोठ्या सिद्धांतांचा ऊहापोह मांडला असता तर कोणास नवल वाटले नसते. संस्थेच्या आरंभीच्या प्रकाशनांत मात्र १९३३ साली पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी आणि १९३५ साली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी आढळते. पुढे १९४० साली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी आली. फळे, मोटारी आणि वाईचा शेतकरी! या विषयांची निवड क्षुल्लक वाटेल, पण तिच्यात एक निश्चित दृष्टी होती.

मोटार-बसचेच उदाहरण घ्या. त्या काळी हा धंदा बहुतांशी एक-दोन गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांच्या हाती होता. प्रत्येकाने आपली गाडी भरावी म्हणून दर पाडावा, दुसऱ्यानेही पाडावा, आणि अखेर कोणाचाच खर्च भागू नये, हा प्रकार कोणा एकाच्या मूर्खपणामुळे घडत नव्हता. तो अनेकांच्या शहाणपणाचा परिणाम होता. आजचा प्रतिमानकार हाच खेळ यंत्रात शंभर मालक निर्माण करून मांडील. धनंजयरावांच्या संस्थेने प्रत्यक्ष मालकांची, मार्गांची आणि हिशेबांची चौकशी केली. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर पहिली सरकारी एस.टी. धावली आणि त्या लहान मालकांचे युग सरत गेले. त्या युगाचा तपशील आज जो काही उपलब्ध आहे त्यात या पाहणीचे मोल मोठे आहे.

याच काळात पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे काम सुरू झाले. शहरातील सर्व कुटुंबे मोजणे शक्य नव्हते, म्हणून नमुन्यादाखल कुटुंबे निवडून त्यांच्याकडे अन्वेषक पाठविण्यात आले. धंदा कोणता, मिळकत किती, घरात कमावते किती, खाणारी तोंडे किती, शिक्षण किती, असे साधे प्रश्न. नमुना-पाहणीचे शास्त्र तेव्हा आपल्याकडे बाल्यावस्थेत होते. या पाहणीचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. संस्थेने विषय तेवढ्यावर सोडला नाही. सोवनी, आपटे व पेंडसे यांनी त्याच शहराची पुनर्पाहणी करून रोजगार व मिळकत यांचे स्वरूप कसे पालटले ते १९५६ साली मांडले. एकदा विचारून भागत नाही, माणूस बदलतो, म्हणून पुन्हा दार ठोठवावे लागते, ही जाणीव त्यामागे होती. आपल्या शहरांपैकी किती शहरांच्या वाट्याला अशी दोनदा विचारपूस आली आहे?

घराच्या दारापर्यंत जाण्याच्या या वृत्तीचे सर्वांत मोठे फळ दिसले ते अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या या पाहणीच्या संचालन समितीवर गोरवालांच्या अध्यक्षतेखाली काम करणाऱ्या सदस्यांत धनंजयराव होते. पंचाहत्तर जिल्ह्यांतील ६०० गावे आणि १,२७,३४३ कुटुंबे एवढा तिचा विस्तार होता. १९५४ साली अहवाल बाहेर आला तेव्हा असे दिसले की, शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे सत्तर टक्के धंदेवाईक व शेतकरी सावकारांकडून येत होते आणि जिच्या पन्नास वर्षांच्या प्रगतीचे गोडवे गायले जात होते त्या सहकारी पतव्यवस्थेचा वाटा जेमतेम ३.१ टक्के होता.

आकड्यांहून महत्त्वाचा होता त्यांचा अर्थ. शेतकरी अडाणी आहे म्हणून सावकाराकडे जातो, ही समजूत शहरी सुशिक्षितांत पक्की होती. सावकार गावातच असतो, अवेळी पैसा देतो, लग्नालाही देतो आणि आजारपणालाही, तारणाचे कागद न मागता तोंडओळखीवर देतो. तोच माल विकत घेणाराही असतो, त्यामुळे देणे आणि घेणे एकाच दारात उरकते. अशा परिस्थितीत कुळाने सावकाराची पायरी चढणे हा व्यवहारी निर्णय होता. म्हणून नुसते स्वस्त कर्ज देऊन काम भागणार नव्हते; पत, विक्री आणि गोदामे यांची सांगड घालावी आणि शासनाने सहकारी संस्थांत भागीदार व्हावे, अशी योजना समितीने सुचविली. इंपीरियल बँकेची १९५५ साली स्टेट बँक झाली, तीही याच अहवालाच्या शिफारशींतून. मनुष्य अडाणी आहे असे गृहीत धरून जर कोणी यंत्रात प्रतिमान रचले असते तर ते सुबक चालले असते, आणि साक्षरतेचा प्रसार हा त्यावरचा उपाय म्हणून मोठ्या थाटाने बाहेर आला असता.

धनंजयराव पाहणीवर थांबले नाहीत. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना संघटित करून उभारलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात कारखाना सुरू झाला. अध्यापकाने कारखान्याच्या अध्यक्षपदी बसावे हे आजही दुर्मीळ आहे. येथे एक गंमत नमूद करावीशी वाटते. एपस्टाइन आणि ॲक्सटेल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९९६ साली जे प्रसिद्ध प्रतिमान मांडले त्यात यंत्रातील माणसे एका पटावर पसरलेली साखर शोधत हिंडतात, काहींजवळ ती साठते, काही उपाशी मरतात, आणि आरंभी फारशी नसलेली विषमता हळूहळू वाढत जाते. त्या काल्पनिक साखरेच्या पटावर कारखान्याची निवडणूक मात्र नसते. लोणीच्या साखरेवर पुढे अवघ्या महाराष्ट्राचे राजकारण पोसले गेले. सभासद हा मालक म्हणून विवेकाने वागेल या धनंजयरावांच्या अपेक्षेला त्या राजकारणाने ठिकठिकाणी धक्के दिले, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले पाहिजे. पाहणी माणूस आज कसा वागतो ते सांगते. त्याच्या हाती कारखाना दिल्यावर, आणि शेजारच्या तालुक्यातही तसाच कारखाना निघाल्यावर, तो कसा वागू लागेल हे तिला सांगता येत नाही. नेमकी हीच उणीव भरून काढण्याचा दावा नवी पद्धत करते, आणि तो दावा हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

उत्तरायुष्यात मानाची पदे चालून आली. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद, राज्यसभेवरील नियुक्ती आणि १९६७ साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद. राज्यांना केंद्राकडून मिळणारे नियोजनाचे साह्य मर्जीवर अवलंबून असे. ते १९६९ पासून ठरीव कसोट्यांवर वाटले जाऊ लागले. लोकसंख्येला साठ टक्के आणि दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू पाटबंधारे-वीज प्रकल्प व राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी दहा टक्के वजन देणारे हे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. घराघरांतील फरक टिपण्यात हयात घालविलेल्या माणसाचे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते मात्र एका बेरजेच्या सूत्रामुळे! दिल्लीतील पद सोडून पुण्याकडे परतत असताना ३ मे १९७१ रोजी आगगाडीच्या प्रवासातच त्यांचा अंत झाला.

योगायोग असा की, त्याच वर्षी टॉमस शेलिंग यांचा वस्त्यांच्या विभागणीवरील निबंध प्रसिद्ध झाला. शेजारी थोडेतरी आपल्यासारखे असावेत एवढीच माफक इच्छा प्रत्येकाने धरली तरी सारे शहर दोन तुकड्यांत विभागले जाऊ शकते, हे त्यांनी पटावर सोंगट्या हलवाव्यात तशा रीतीने दाखविले. या विद्येचा एक उगम तोच.

ती विद्या मुंबईत प्रत्यक्ष कारभाराच्या उपयोगी पडली ती २०२० च्या महामारीत. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी यंत्रात सव्वा कोटीच्या आसपास माणसांची मुंबई वसविली. घर, कचेरी, शाळा, झोपडपट्टी, लोकलगाडी असे सारे त्यात होते, आणि कचेऱ्या व गाड्या टप्प्याटप्प्याने खुल्या केल्यास रोग कसा पसरेल याचे अंदाज बांधले. काम मोलाचे होते. परंतु निर्बंध किती लोक पाळतील हे प्रमाण त्यात गृहीतच धरावे लागले, आणि रोग प्रत्यक्षात किती पसरला होता हे कळले ते जुलै २०२० मध्ये तीन विभागांतील लोकांच्या दाराशी जाऊन रक्त तपासल्यावर. झोपडवस्तीत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांत रोग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. त्या रक्ततपासणीत टाटा संस्थेचाही सहभाग होता, हे तिच्या शास्त्रज्ञांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आपल्याकडे पुढचा धोका याच ठिकाणी आहे. २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या वर्षी झाली नाही. कुळगाव-बदलापूरची वस्ती २००१ साली लाखाच्या आत होती, २०११ साली ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतरच्या बांधकामांची मोजदाद इमारतींकडे पाहून ज्याने त्याने करावी अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. अशा शहरासाठी उद्या कोणी सल्लागार संगणकावर रंगीत ठिपके फिरवून रस्ते, पाणी आणि फलाट यांची योजना मांडील, तेव्हा त्या ठिपक्यांना २०११ चा माणूस चिकटविलेला असेल काय, हे नगरसेवकांनी व नागरिकांनी विचारावयास हवे. अर्थशास्त्राच्या आमच्या वर्गांतूनही क्षेत्रपाहणी हा प्रकार परीक्षेच्या गुणांपुरता उरला आहे. प्रश्नावली भरून आणणारा विद्यार्थी पुष्कळदा ती घरीच भरतो.

सोनिवलीत अशी पाहणी मांडावयाची झाली तर शंभर कुटुंबे पुरेशी आहेत, आणि एका सत्रात काम होण्याजोगे आहे. येथे राहावयास कोठून व कधी आलात, भाडे की हप्ता, पाणी कोण भरतो, घरातून पहिले माणूस किती वाजता बाहेर पडते, आणि ते स्थानकावर पोहोचल्यावर पहिली गाडी का सोडते.