मनोरमेची आई

पंडिता रमाबाई म्हटले की आपल्यापुढे केडगावचे मुक्ती मिशन उभे राहते, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली उभ्या राहतात आणि त्यांनी मूळ भाषांवरून केलेले मराठी पवित्र शास्त्राचे भाषांतर आठवते. मंडळीत त्यांच्यावर भाषणे होतात तीही बहुधा ह्याच कार्यावर. परंतु ही थोर विदुषी एका तान्ह्या मुलीची आई होती, आणि पुढच्या पुष्कळ कार्याचे बी त्या आईपणात पडले होते, ह्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. म्हणून ह्या वेळी आम्ही त्या आईविषयी चार शब्द सांगणार आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले होते. पुढे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. दिवसभर त्या माउलीला कामातून सवड नसे. म्हणून पहाटे पाखरे जागी होण्याच्या वेळी ती धाकट्या रमेला लाडाने उठवी आणि जवळ घेऊन पाठ देई. आईची कूस हीच रमाबाईंची पहिली शाळा.

पुढे दुष्काळाने आईवडील व थोरली बहीण नेली. १८८० साली भाऊ श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते निराळ्या जातीचे असल्याने हा विवाह लोकांना रुचला नाही. परंतु लहानपणापासून पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडलेल्या रमाबाईंना आसामातील सिल्चर गावी प्रथमच स्वतःचे घर मिळाले. तेथे १६ एप्रिल १८८१ रोजी त्यांना कन्या झाली. मुलगी झाली म्हणून तोंड पाडण्याचा तो काळ. पण ह्या दांपत्याला मुलगीच हवी होती. त्यांनी तिचे नाव मनोरमा ठेवले. ह्याच घरातील पुस्तकांत रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्या ती आवडीने वाचू लागल्या.

हा संसार उणापुरा एकोणीस महिन्यांचा ठरला. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी मेधावी पटकीने वारले. पदरी दहा महिन्यांचे मूल, वय तेवीस आणि माहेर म्हणावे असे कोणी नाही. अशा विधवेने कोपऱ्यात बसावे हीच जगाची अपेक्षा होती. रमाबाई मात्र मूल घेऊन पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकात घरकामावर आणि मुलांच्या संगोपनावरही प्रकरणे आहेत. वर्षादीड वर्षाचे मूल पायाशी घुटमळत असता ती लिहिली गेली, हे ध्यानात ठेवून वाचली म्हणजे त्यांची गोडी वाढते. ह्याच पुस्तकाच्या पैशातून इंग्लंडच्या प्रवासाची सोय झाली. १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या समुद्र ओलांडून गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉंटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकू व शिकवू लागल्या, तेव्हा मनोरमेचा बराच सांभाळ वॉंटेजच्या भगिनींनी केला. त्यांची माया खरी होती. तरी मुलीच्या धर्मशिक्षणावरून मतभेद झाले. गहन सिद्धांत समजण्याच्या आधीच ते लेकराकडून पाठ करवून घेऊ नयेत, असे रमाबाईंचे म्हणणे होते. मुलीने परदेशात वाढून आपल्याच देशबांधवांना हलके लेखावे, हेही त्यांना मान्य नव्हते. आश्रय देणाऱ्यांपुढे असे बोलणे सोपे नसते. पण आईचा हक्क त्यांनी सोडला नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठी त्या मनोरमेसह अमेरिकेत गेल्या. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रबेल ह्या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची बालोद्यान पद्धती शिकून घेतली. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी ठोकळे, कागदाच्या पट्ट्यांचे विणकाम, घड्या घालणे, माती मळणे, गाणी म्हणणे अशा हातच्या खेळांतून मुलाला शिकवण्याची ही रीत होय. एवढ्या मोठ्या पंडितेने पाठीमागे संस्कृताचे भांडार असता ठोकळे आणि कागद हाती घेतले! त्याबरोबरच मुलींसाठी मराठी वाचनमाला लिहिण्यासही त्यांनी हात घातला.

परंतु गावोगावी व्याख्याने देत निधी जमवावयाचा होता, त्यामुळे लहान मनोरमेला वॉंटेजला परत पाठवावे लागले. येथे आम्हांला थांबावेसे वाटते. हिंदुस्थानातील बालविधवांसाठी घर उभारण्याकरिता ह्या आईने स्वतःचे लेकरू दूर ठेवले. त्याची किंमत आईने दिली आणि लेकीनेही दिली. ती लहान होती असे म्हणणे बरोबर होणार नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढे ते पुण्यास गेले. मनोरमाही पुढे त्या सदनाच्या मुलींमध्ये राहिली. इंग्लंड-अमेरिकेत शिक्षण घेऊन ती तेथे मोठेपणा मिरवीत राहिली नाही, तर परत येऊन आईचा उजवा हात झाली, आणि निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यास, आजच्या कलबुर्गीस, मुलींची शाळा चालू करण्यात तिने पुढाकार घेतला. आपल्याच लोकांत मिसळणारी मुलगी व्हावी ही आईची इच्छा तिने पूर्ण केली. १९२१ साली मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूच्या घरी गेल्या.

पहाटेचा तो पाठ लक्ष्मीबाईकडून रमेकडे, रमेकडून मनोरमेकडे आणि तिच्याकडून गुलबर्ग्याच्या मुलींकडे गेला. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनो, पुढच्या रविवारी लहान वर्गासमोर वचन पाठ करवून घेण्याआधी ते मुलांना कळले आहे काय, एवढे पाहावे. आणि ज्या तरुण माता लेकराच्या उसाभरीत आपले शिक्षण वाया गेले असे मानून खंत करतात, त्यांनी स्मरावे की मांडीवरचे मूल हाही देवाने दिलेला एक वर्गच आहे.