दुधाळ इन्सुलिनमागचा गावाकडचा डॉक्टर

जळगाव/धुळे : खान्देशात अनेक घरांत सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी मिक्स इन्सुलिन टोचलं जातं. दुधासारखं पांढरट, ३०/७० वालं. त्यातला पांढरट भाग, ज्याला बाटलीवर ‘आयसोफेन’ म्हणतात, तो डेन्मार्कच्या एका डॉक्टरच्या कामातून आला. इंजेक्शन सकाळी घेतलं, मग दुपारी कापूस वेचताना साखर का उतरते, याचं उत्तरही तिथेच सापडतं.

हान्स क्रिश्चियन हेगेडॉर्न यांचा जन्म ६ मार्च १८८८ चा, कोपनहेगनचा. डॉक्टर झाल्यावर त्यांनी ब्रांडे या लहान गावात प्रॅक्टिस केली. गावच्या औषध दुकानातले नॉर्मन येन्सेन यांना सोबत घेऊन त्यांनी अगदी थोड्या रक्तात साखर मोजायची पद्धत बसवली. १९१८ मध्ये ती छापून आली आणि जगभर वापरली गेली. मोठी लॅब नाही, काही नाही, एका खेड्यात हे घडलं!

तोवर साखर मोजता येई, पण औषध नव्हतं. आपल्या लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. ते १ ऑगस्ट १९२० ला गेले. इन्सुलिन त्यानंतर १९२१ मध्ये कॅनडात सापडलं. नोबेल मिळवलेले डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग १९२२ मध्ये तिकडे गेले. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर आणि मधुमेहाच्या रुग्ण. क्रोग परवानगी घेऊन परतले आणि हेगेडॉर्न यांच्यासोबत कोपनहेगनमध्ये इन्सुलिन बनवायला लागले.

पण ते इन्सुलिन काही तासांतच संपायचं. दिवसातून तीन-चार वेळा सुई टोचावी लागे. १९३६ मध्ये हेगेडॉर्न आणि सहकाऱ्यांनी ट्राऊट माशाच्या वीर्यातून मिळणारं प्रोटामिन इन्सुलिनला जोडलं. त्यामुळे ते कातडीखाली हळूहळू विरघळू लागलं. १९४६ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत दोन्हींचं प्रमाण नेमकं जुळलं आणि झटपट इन्सुलिन त्यात मिसळता येऊ लागलं. त्याचं नाव एनपीएच. त्यातला एच म्हणजे हेगेडॉर्न.

खरी गोम इथेच आहे. ३०/७० मधला ३० टक्के भाग अर्ध्या तासात कामाला लागतो आणि जेवणानंतरची साखर सांभाळतो. ७० टक्के दुधाळ भागाचा जोर त्यानंतर कित्येक तास टिकतो. सकाळी टोचलेलं दुपारी साखर ओढतं, संध्याकाळचं मध्यरात्रीनंतर. म्हणून दुपारची भाकरी लांबली, शेतात जास्त राबणं झालं किंवा उपवास धरला की साखर घसरते. उपवासाआधी डोसचं डॉक्टरांना विचारावंच. मनाने कमी-जास्त करू नये. बाटली किंवा पेन आधी हळूच उलटं-सुलटं करून, तळव्यांत फिरवून सगळं सारखं पांढरं करावं लागतं, नाहीतर दोन्ही भागांचं प्रमाण बिघडतं.

हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, एकदम भूक, बोलणं असंबद्ध होणं ही लक्षणं. रात्री घामाने कपडे भिजणं, सकाळी डोकं जड असणं हेसुद्धा त्यातच येतं. बरेच जण ते उकाड्यावर ढकलतात. मीटरवर ७० च्या खाली आकडा आला, किंवा मीटर जवळ नसून लक्षणं दिसली, तर लगेच तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. लाडू-पेढ्याने वेळ लागतो, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं, कमीच असेल तर पुन्हा साखरपाणी. सुधारल्यावर भाकरी खावी, कारण दुधाळ भागाचं काम अजून चालूच असतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर झोपवून १०८ ला फोन करावा. शेतात जाताना खिशात साखरेची पुडी असलेली बरी, आणि सोबतच्या मजुरांनाही ती कशासाठी आहे ते माहीत हवं.

हेगेडॉर्न स्वभावाने मात्र तापट. थोरवाल्ड पेडरसन नावाच्या कर्मचाऱ्याशी त्यांचं बिनसलं आणि त्याला काढून टाकलं. त्याचा भाऊ हाराल्डही बाहेर पडला. दोघा भावांनी स्वतःचं इन्सुलिन बनवून नोवो नावाची कंपनी काढली. हेगेडॉर्न यांची नॉर्डिस्क आणि ही नोवो यांची चुरस अनेक दशकं चालली. हेगेडॉर्न १९७१ मध्ये वारले. दोन्ही कंपन्या एक झाल्या त्या १९८९ मध्ये.