टॅपेट सेटिंग सोपं करणारा विट्टोरिओ यानो

बाइक सर्व्हिसिंगला दिली की मेकॅनिक टॅपेट सेटिंग करतो, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट जुळवतो. फट जास्त झाली तर इंजिन टकटक वाजतं. कमी झाली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. विंटेज कारमध्ये हे कसं करायचे ते शोधताना मला यानो सापडला.

जन्म १८९१, इटली. आधी फियाटमध्ये होता. १९२३ मध्ये एन्झो फेरारीच्या खटपटीने अल्फा रोमिओत आला. त्याच्या पी२ गाडीने १९२५ ची पहिली जागतिक चॅम्पियनशिप जिंकून दिली. पण माझी आवडती त्याची डबल कॅमवाली ६सी १७५०. तिच्यात व्हॉल्व्हच्या दांड्यावर आट्यांची चकती बसवलेली असते आणि कॅम थेट तिच्यावर दाबतो. खास पान्याने चकती फिरवा, फीलर गेज घालून फट बघा, झालं! कॅमशाफ्ट काढायला नको की शिम शोधायला नको. आमच्या भाषेत, कोड न उघडता सेटिंग बदलण्यासारखं. कल्पना मुळात हिस्पानो-सुइझाच्या विमान इंजिनातली, पण यानोने ती रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्ये मस्त वापरली.

त्याच्या ८सी ने १९३१ ते ३४ सलग चार वेळा ल मान जिंकली. तरी १९३७ मध्ये एक रेसकार फसली आणि यानोला अल्फा सोडावी लागली! मग लान्चियात त्याने डी५० बनवली. १९५५ मध्ये पैशांअभावी लान्चियाने त्या गाड्या फेरारीला देऊन टाकल्या, यानोही तिकडे गेला. पुढच्याच वर्षी फांजिओ त्याच गाडीच्या सुधारित रूपावर विश्वविजेता झाला. यानो १९६५ मध्ये वारला.